पाळीची जागा

मास्तर, तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. काल तुमच्या नावाचा दगड ठरला. कापसाच्या गोदामावरच्या ज्या खोलीत तुम्ही वर्ग चालवायचे, तिच्या जिन्यापाशी तो बसवायचा आहे. तुमचे जुने विद्यार्थी जमले होते. एक वकील झाला आहे, दोघं अडते आहेत, एकाचं औषधांचं दुकान आहे. मजकूर त्यांनी आधीच ठरवून आणला होता. तुमचं नाव, आणि खाली, ‘यांनी या वास्तूत निरपेक्षपणे विद्यादान केले.’ माझं अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याकडे आला. मी मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं आणि पाथरवट त्यावरून कोरणार. ‘निरपेक्षपणे’ वाचलं आणि मला भर सभेत हसू आलं. वकिलांना ते आवडलं नाही. मग मी सरळच सांगितलं की हा शब्द मी लिहिणार नाही, ‘दान’ तर मुळीच नाही. मास्तरांनी मला काही दिलं नाही. मी घेतलं, पैसे मोजून घेतलं. ‘फी घेऊन शिकवले’ असं लिहायचं असेल तर आत्ता लिहून देते. वकील म्हणाले, बाई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. मी म्हटलं, मी चांगलंच बोलते आहे, तुम्हाला ते ऐकू येत नाही त्याला मी काय करू.

तुम्ही असता तर माझी बाजू घेतली असती असं मला वाटतं. तुम्हाला स्वतःबद्दल कधीच लाज नव्हती. महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी तुम्ही दाराशी बसता, गुडघ्यावर तपकिरीची डबी, आणि एकेक पोरगं फी हातावर ठेवून आत जातं. ज्याच्या हातात काही नाही त्याला तुम्ही ओरडत नाही, मारत नाही. फक्त त्याची पाटी उचलून त्याच्याच हातात देता आणि जिन्याकडे बोट दाखवता. सारं कारंजं तुम्हाला चिक्कू म्हणायचं. एका पोराच्या बापाची बदली महिना लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अनसिंगला झाली. तो उरलेले पैसे मागायला आला, तर तुम्ही शांतपणे सांगितलं की पोराला पाठवा, त्याची जागा महिनाभर आहे. आणि खरंच ती जागा महिनाभर रिकामी ठेवली, दुसऱ्याला बसू दिलं नाही. तुम्ही आवाजसुद्धा काटकसरीनं वापरायचे. मागच्या पोरांना ऐकू येत नसेल तर त्यांनी पुढे सरकावं, तुमचा घसा काही त्यांच्या फीमध्ये धरलेला नव्हता. गावातल्या जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा वाजला की तुम्ही बोलणं थांबवायचे आणि तो संपल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचे.

आमची भाजीची वाडी गावाला लागूनच, नाल्याच्या अंगाला. विहीर एक आणि घरं दोन, आमचं आणि मोठ्या बाबांचं, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाचं. एक दिवस मोट आमची, एक दिवस त्यांची. त्या पाळीवरून कधी भांडण झालं नाही. मुलींची शाळा चौथीला संपत होती आणि ती मी संपवली होती. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा भाऊही चौथी होऊन घरी बसला होता. पुढं शिकवायचं तर तुमचा वर्ग, आणि तुमची फी आमच्या बापाला एकाचीच झेपणारी. दुसऱ्या कोणी मुलाला घातलं असतं आणि विषय संपला असता. पण बाप जन्मभर पाळीनं पाणी देत आलेला माणूस. तो आम्हा दोघांना घेऊन तुमच्याकडे आला आणि वांग्याचा भाव करावा तसा बोलला.

“मास्तर, आमची विहीर एक आहे अन् पाळ्या दोन. तरी दोन्ही घरच्या वांग्याले पाणी भेटते. फी मी एकाची देतो. एक दिवस पोरगा येईन, एक दिवस पोरगी.”

मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही तपकीर ओढली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणालात, “जागा एक, फी एक. तिच्यावर कोण बसते त्याच्याशी मले घेणं नाही. पण एकाच दिवशी दोघं दिसले तर दोघाईची फी घेईन.”

त्या खोलीत तोवर एकही मुलगी बसलेली नव्हती. गावातल्या शहाण्या माणसांत या गोष्टीवर चार महिने खल झाला असता आणि शेवटी नाही असंच ठरलं असतं. तुम्हाला तपकिरीच्या एका चिमटीएवढा वेळ लागला. मुलगी म्हणून तुम्ही मला घेतलं नाही आणि मुलगी म्हणून नाकारलंही नाही. तुमच्या वर्गात असेही दोन मुलगे होते ज्यांना दुसरीकडे दाराबाहेर बसवत, पण तुमच्याकडे ते ओळीत बसायचे, कारण त्यांची फी आलेली असायची. एका अडत्यानं यावरून कुरकुर केली तेव्हा तुम्ही त्याला विचारलं होतं की त्यांचा रुपया बाजारात कमी भावानं चालतो का. हे काल सभेत कोणाला आठवलं नाही. आठवलं असतं तर त्यालाही त्यांनी उदार हृदय वगैरे नाव दिलं असतं.

तर पाळी सुरू झाली. माझ्या दिवशी मी खोलीत, भाऊ वाडीत. त्याच्या दिवशी तो खोलीत आणि मी डोक्यावर टोपली घेऊन गावातल्या घरांना भाजी पोचवायला. गोदामाच्या मालकाचं स्वयंपाकघर मागच्या अंगणात होतं, तिथेही रोजची भाजी आमचीच जायची. संध्याकाळी बाप मोट हाकायचा आणि आम्ही दोघं खाली वाफ्यांना बारे द्यायचो, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचो. एकाच्या हातात फावडं, दुसरा दिवसभरात काय झालं ते सांगणार. मिरचीच्या वाफ्यात उभं राहून मी भूमितीची प्रमेयं शिकवली आणि शिकले. आज मी शिकवते ते शिकवणं तिथे सुरू झालं, चिखलात, पोटऱ्यांपर्यंत. भावाला त्याच्या दिवसाचं सगळं सांगता यायचं नाही. तो अडखळायचा आणि मीच पुढचं सांगायचे. घरात सगळे म्हणायला लागले की पोट्टी लय हुशार आहे, न ऐकलेलंही तिला येतं. भावाची एकच तक्रार असायची. तो फावडं टेकवून म्हणायचा, “माह्या पाळीले मास्तर लय मोठ्यानं बोलते. मी समोरच बसून राह्यतो, तरी वरडते.” आणि मी म्हणायचे, तू लक्ष देत नसशील.

अडीच वर्षं असं चाललं. मग एक दिवस भावानं पाटी फळीवर ठेवली ती खाली काढलीच नाही. त्याला शिकणं जमत नाही, असं तो म्हणाला. बापानं दोन दिवस समजावलं आणि सोडून दिलं. पोरगाच जात नाही तर पोरीसाठी फी कोण भरणार, हे कोणी बोललंही नाही, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. सातवीची परीक्षा चार-पाच महिन्यांवर आली होती. मी एकटी तुमच्याकडे आले. वर्ग सुटला होता आणि तुम्ही फळा पुसत होता. मी म्हटलं, मास्तर, परीक्षेपर्यंत बसू द्या, फी देता येणार नाही, वर्ग झाडून देईन, पाणी भरीन. मला खात्री होती की तुम्ही हो म्हणाल. गणितात माझ्या पुढे कोणी नव्हतं हे तुम्हीच भर वर्गात म्हणाला होता.

तुम्ही फळा पुसायचं थांबवलं नाही. पाठ माझ्याकडेच होती. “झाडायले माणूस आहे माह्याकडं. तुले फुकट बसवलं तर बाकीच्यांनी काहून पैसे द्यावे? मी इथं दुकान मांडलं आहे, पोरी. फी आण अन् बस.”

मास्तर, त्या वाक्याचा मला इतकी वर्षं राग आहे आणि तो मी कमी होऊ दिलेला नाही. मी जिना उतरले. रडले नाही. घरी येऊन मायला सांगितलं की मला पाण्याच्या दांडाच्या काठची पट्टी हवी, जिथे काही लावत नाहीत ती. मायनं का म्हणून विचारलं नाही, मेथीचं बी काढून दिलं. मी मेथी लावली, सांभार म्हणजे कोथिंबीर लावली, आणि बाजाराच्या दिवशी बापाच्या ढिगापासून चार हात अंतरावर माझं वेगळं फडकं अंथरून बसले. लोक हसायचे, बापाचं आणि लेकीचं दुकान वेगळं काहून म्हणून. पहिल्या महिन्याची फी मी तुमच्या हातावर ठेवली तेव्हा सगळी चिल्लर होती, आणि तुम्ही एकेक नाणं फरशीवर वाजवून पाहिलं. माझं! अडीच वर्षं माझ्या बापाची नाणी तुम्ही न वाजवता घेतली होती. मग तुम्ही डोळ्यांनी माझी जागा दाखवली. आता ती रोजची होती.

तुमची दुसरी बाजूही मी विसरलेली नाही, आणि दगडावर गोड गोड लिहून ती पुसली जावी असं मला वाटत नाही. पोळ्यानंतर दोन जागा रिकाम्या झाल्या. त्यातला एक मुलगा अक्षर असं काढायचा की मी त्याचं बघून माझं सुधारलं. आठवड्याच्या आत त्या जागांवर दुसरे दोघे आले. तो कुठे गेला हे तुम्ही विचारलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाही म्हणून आम्हीही विचारलं नाही. पुढे कधीतरी मी त्याला सरकीची पोती वाहताना पाहिलं. त्यानं मला ओळख दाखवली नाही. शिक्षण विकत मिळालं की असं होतं, ज्याच्याजवळ नाही त्याचं नावसुद्धा राहत नाही. मला हे कळतं. मी आंधळी नाही.

पण मग मोठे बाबा आले तो दिवस. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. कामरगावच्या घरी माझं लग्न जमत होतं आणि सोयऱ्यांना कळलं होतं की मुलगी पोरांच्यात बसून शिकते. मोठे बाबा जिना चढून थेट दारात उभे राहिले, फेटा, हातात काठी, आणि म्हणाले की पोट्टीले न्यायले आलो. बाप खाली रस्त्यात उभा होता. त्याला वर यायचा धीर झाला नाही. मी पाटी-पुस्तक गोळा करायला लागले होते. मला खरोखर वाटलं होतं की संपलं.

तुम्ही म्हणालात, “महिन्याची फी भेटली आहे. महिना भरला की न्या.”

मोठे बाबा म्हणाले, “पोरगी आमची आहे का तुमची? वापस करा पैसे.”

“पोरगी तुमची. जागा महिनाभर तिची. अन् घेतलेला पैसा मी वापस देत नाही, गावात कोणालेही इचारा.”

मागची पोरं हसली, कारण ते खरंच होतं. मोठे बाबा म्हणजे मोटेच्या तुटक्या नाड्याला गाठ मारून चार वर्षं चालवणारे गृहस्थ. भरलेला पैसा वाया घालवून पोरीला घरी न्यायची, हे त्यांच्या जिवावर आलं. “मंग महिना भरू द्या,” असं म्हणून ते उतरले आणि खाली जाऊन बापावरच डाफरले. त्या महिन्यात परीक्षा झाली. बाप आणि मी छोट्या रेल्वेगाडीनं मूर्तिजापूरला गेलो, वाटेत खायला शेवभाकरी आणि चार पेरू. कामरगावच्या लोकांनी वाट पाहिली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या दिवशी तुम्ही मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं असतं तर मोठे बाबा मला ओढून घेऊन गेले असते. फुकट बसवलं असतं तरी नेलं असतं, उपकाराच्या जागेवरून कोणालाही उठवता येतं. मेथीच्या पैशांनी घेतलेल्या जागेवरून मला कोणी उठवू शकलं नाही. म्हणून आता माझ्या पुढच्या खोलीत मी बायकांचा वर्ग चालवते आणि फी घेते. नवी मंडळी मला येऊन सांगतात की स्वराज्य आलं, आता शिक्षण सगळ्यांना फुकट मिळणार, तुम्ही हे विद्येचं दुकान बंद करा. मी म्हणते, या, उघडा तुमची शाळा. ज्या दिवशी ती दाराशी येईल त्या दिवशी सगळ्यांत आधी मी माझ्या वर्गातल्या बायका तिथे घेऊन येईन. तोवर माझ्याकडे येणारी सून सासूला सांगू शकते की पैसे भरले आहेत, जावंच लागेल, आणि सासू तिला सोडते. हे मला कोणा पुस्तकानं शिकवलेलं नाही. फी नाही म्हणून एका बाईला मीही परत पाठवलं आहे. तुमच्यासारखी पाठ करून नाही, तोंडावर सांगितलं. त्यानं तिला काही फरक पडला नसेल.

एवढं सगळं मी काल सभेत बोलायला तयार होते. कागद हातात होता, आणि मी जिंकणारही होते. तेवढ्यात भाऊ आला. आता तोच वाडी सांभाळतो. दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या दारात भाजी ठेवून जातो आणि पैसे काढले की हात मागे घेतो. तो चप्पल काढून खाली टेकला. वकिलांनी विषय बदलायला मिळतो म्हणून त्याला म्हटलं, तुम्हीही मास्तरांचेच विद्यार्थी, बोला दोन शब्द. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “मास्तर चांगले होते. मीच ढ होतो. माह्या डोक्यातच जाये नाही, म्हणून तर बिचारे वरडत.” सगळे हसले, तोही हसला. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि उद्या देते म्हणाले.

मास्तर, त्याच्या पाळीच्या दिवशी गोदामवाल्याच्या घरी भाजी दिली की मी घरी जात नव्हते. तुमच्या खोलीच्या मागच्या खिडकीखाली सरकीच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यामागे टोपली पालथी घालून बसायचे. पहिले काही दिवस धड ऐकू येत नव्हतं, तुमचा आवाज तो केवढा. मग एकदा तुम्ही खिडकीशी आला, नाक शिंकरलं आणि खाली पाहिलं. मी तुमच्याकडे आणि तुम्ही माझ्याकडे. मला वाटलं, आता दोघांची फी. तुम्ही काही न बोलता आत गेला, आणि तेव्हापासून त्याच्या दिवशी तुमचा आवाज थेट पोत्यांपर्यंत यायला लागला, भोंगा वाजत असला तरी. भाऊ समोर बसून ते सगळं आपल्या अंगावर घेत होता. मला ते माहीत होतं, आणि मी त्याला वाफ्यात उभी राहून सांगत होते की तू लक्ष देत नसशील. खरं सांगितलं असतं तर मला तिथून उठावं लागलं असतं.

दगडाचा कागद समोर आहे. तुमचं नाव लिहून झालं आहे आणि खालची ओळ कोरी आहे. ‘दान’ मी अजूनही लिहिणार नाही. पण पैसे मोजून घेतलं असं मी काल सगळ्यांसमोर म्हणाले, ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचं मोल कोणी भरलं ते मला ठाऊक आहे. उद्या बाजार आहे, भाऊ सकाळी वांगी घेऊन दारात येईल. त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.